बिनबटणाचा स्टॅबिलायझर

गाडी दुकानासमोर थांबली ती डुलतच. ब्रेक लागला तरी पुढची चाकं थरथरत राहिली, 'नको नको' म्हणणाऱ्या माणसाची मान हलावी तशी. बाहेर भुरभुर पाऊस होता. चालवणारा उतरला, टोपी काढून झटकली आणि दारातच उभा राहिला. आत यावं की नाही याचा विचार करत असावा. या माणसाला प्रत्येक गोष्टीचा विचार करायला वेळ लागतो, हे मला पुढे कळलं.

"आधी इंजिन बंद कर," मी गल्ल्यावरून ओरडले. "घुंईघुंई आत येतंय सगळं."

"बंदच आहे, मावशी. त्या मधमाश्या आहेत. मागे पेट्या आहेत ना…"

मी उठून उभीच राहिले. एक तर मधमाश्या, आणि वर मावशी!

"हे बघ, मी तुझ्या आईची बहीण नाही."

"मग काय म्हणू?"

"मालकीणबाई म्हण. दुकान माझं आहे."

"बरं, मालकीणबाई," तो म्हणाला, आणि तेही इतक्या गोडीनं, की पुढचं भांडण माझ्या तोंडातच राहिलं.

दुकान माझं म्हणजे खरंच माझं. डोंगरात, ओढ्यात, दगडधोंड्यांत चालणाऱ्या गाड्यांचं सामान आम्ही विकतो आणि बसवूनही देतो. यांनी सुरू केलं, यांच्यामागे मी चालवलं. शाळा मी फार पाहिली नाही, पण खोकं हातात घेतलं की नुसत्या वजनावरून सांगते आत काय आहे ते, आणि रिकामं आहे का तेही. थोरली लेक लग्न करून गेली. तिला ग्रीसचा वास सोसत नाही. धाकटी माझ्याजवळ आहे. तिला दुसरा कुठलाच वास सोसत नाही.

तर ती धाकटी त्या वेळी एका गाडीखाली होती. नुसते पाय बाहेर.

"काय होतंय गाडीला?" पायांनी विचारलं.

मधवाला गोंधळला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पायांकडे बघितलं, आणि शेवटी वाकून पायांनाच सांगायला लागला. "स्टिअरिंग हिसके देतं. दगडांच्या रस्त्यावर चाक आपटलं की हातातून निसटतंच. परवा गाडी चरात उतरली. एका पेटीतली पोळी मोडली, राणी दबून मेली." त्यानं मागच्या पेट्यांकडे बघितलं. "एक जण म्हणाला, स्टिअरिंग स्टॅबिलायझर बसवून घ्या."

"राणी मेली की काय होतं?"

"पेटी पोरकी होते… सगळ्या नुसत्या सैरभैर फिरतात."

मग चाकं लावलेल्या फळीवरून सगळी धाकटीच बाहेर सरकली. कपाळावर तेलाचा पट्टा, हातात पाना. उताणी पडूनच तिनं त्याच्याकडे बघितलं. तो वाकलेलाच होता. दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही, की आता उठायला हवं.

माझ्या आलं. गल्ल्यावर बसलेल्या बाईला सगळं दिसतं. मी खाकरले.

स्टॅबिलायझर म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकते. सायकलच्या पंपासारखी नळी असते, आत दट्ट्या आणि दट्ट्याभोवती तेल. पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला ती आडवी बसवायची. चाकाला हिसका बसला, की नळी तो स्वतः गिळते, वर हातापर्यंत पोचू देत नाही. घरात मीही तेच काम करते, पण मला कोणी कधी स्टॅबिलायझर म्हटलं नाही.

फळीवर आमच्याकडे सगळे प्रकार मांडलेले. मधवाल्याचं बोट सरळ वरच्या लाल जोडीकडे गेलं.

"ते दोन-दोन नळ्यांचं… छान दिसतंय."

"दिसतं छान," धाकटी म्हणाली. "पण तुम्हाला गाडी मिरवायची आहे का चालवायची आहे?"

"चालवायची."

"मग जोडी कशाला?"

"एकट्यापेक्षा जोडी बरी ना…" तो बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या कानांना आधी कळलं. लालबुंद झाले.

"मी गाडीचं बोलतेय," धाकटी म्हणाली.

"मीपण… गाडीचंच."

पण आमच्या दुकानाची एक रीत आहे, ती यांनीच घालून दिलेली. पुढची चाकं हलवून बघितल्याशिवाय स्टॅबिलायझर विकायचा नाही. चाकातच खोट असेल तर स्टॅबिलायझर ती बरी करत नाही, नुसती झाकतो. दुखण्यावर पांघरूण. धाकटीनं जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं, कान लावला. सांध्यातलं रबरी बुश झिजून निकामी झालेलं निघालं. ते बदललं, चाकांतली हवा बघितली, आणि मग म्हणाली, "चला, ओढ्यात जाऊन येऊ. स्टिअरिंग हातात कसं लागतं ते बघू."

"मीही येते," मी म्हणाले. अनोळखी माणसाबरोबर पोरीला एकटी पाठवायला मी काय दुधखुळी आहे? मागच्या सीटवर जाऊन बसले. बसल्यावर आठवलं, की माझ्या पाठीमागे फक्त एक जाळी आहे, आणि जाळीच्या पलीकडे हजारो नांग्या.

दुकानामागचा ओढा बाराही महिने जेमतेम घोटाभर वाहतो. बाकी नुसते गोटे. मधवाला सावकाश गाडी घालत होता. धाकटी रस्त्याकडे बघतच नव्हती, त्याच्या हातांकडे बघत होती.

"अंगठा बाहेर," ती म्हणाली.

"काय?"

"स्टिअरिंगला अंगठ्याचा विळखा घालू नका. दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग गर्रकन उलटं फिरतं आणि अंगठा मोडतं. अंगठा वर ठेवायचा, कडेवर."

त्यानं ठेवला. दहा हात गेला नाही, तोच अंगठा परत आत. धाकटीनं खांद्यावरचं फडकं काढून फटकन त्याच्या हातावर मारलं.

"बाहेर!"

"सवय आहे हो. एवढ्यात कशी जाईल?"

"जाईल. मला फडकं मारायचा कंटाळा येत नाही."

"मला खायचा येत नाही," तो म्हणाला… हळूच, पण मागच्या सीटपर्यंत ऐकू आलं. मधमाश्यासुद्धा क्षणभर गप्प झाल्या असं मला वाटलं. भीतीनं वाटलं असेल.

परत आल्यावर धाकटीनं फळीवरून एक साधा काळा स्टॅबिलायझर काढला. "हा घ्या. तेलाचा आहे. गॅसवाला गाडीला एका बाजूला ढकलत राहतो, तुम्ही दिवसभर स्टिअरिंग धरून बसाल. फार कडक घेतलात, तर वळण घेऊन झाल्यावर स्टिअरिंग आपलं आपण सरळ होत नाही. हा बसवा आणि विसरून जा."

आता इथे मी तोंड घातलं. धंदा आहे माझा. फळीच्या टोकाला एक भारीतला स्टॅबिलायझर कधीचा धूळ खात पडला होता. त्याच्या नळीवर एक गोल बटण. पिळलं की टकटक वाजतं; इकडे पिळलं की कडक, तिकडे पिळलं की सैल. मी तो पुसून पुढे ठेवला.

"हा बघ. रस्ता बदलला की याला बदलता येतं. असला माल दुसरीकडे मिळायचा नाही."

"आई, त्यांना नाही लागणार तो," धाकटी म्हणाली. "त्याचं बटण पुन्हा पुन्हा इथं येऊन सेट करून घ्यावं लागेल, रस्ता बदलला की."

"इथं येऊन?" मधवाल्यानं विचारलं.

"मग? मीच करणार ना."

ज्या माणसाला दारातून आत यायला विचार करावा लागला होता, तो म्हणाला, "हाच द्या."

मला वाटलं, काय माल विकला आपण!

मग मधवाला येऊ लागला. दर आठवड्याला. डोंगरावर त्याच्या पेट्या होत्या, वर निळ्या फुलांचा बहर होता, खाली यायला अर्धा दिवस मोडायचा. तरी यायचा.

"जरा सैल वाटतोय."

धाकटी गाडीखाली जायची. तो शेजारी उकिडवा बसून बॅटरीचा उजेड धरायचा. टक, टक, टक. एका बटणाला लागून लागून किती वेळ लागावा? माझा चहा होऊन गार व्हायचा, तरी यांचं टकटक चालूच.

"उजेड नाकावर नको, नळीवर धरा," आतून आवाज यायचा.

"नळी कुठं आहे ते दिसत नाही."

"मग एवढा वेळ काय बघत होतात?"

मग दोघंही एकदम हसायची, आणि मी गल्ल्यात चिल्लर खुळखुळवायचे. चिल्लर अशा वेळी फार कामाला येते.

एकदा त्याच्या टोपीत बसून एक माशी दुकानात आली आणि चावली ती नेमकी धाकटीलाच, मनगटावर. पोर ओरडली नाही. ती चिमटीनं काटा उपसणार, तेवढ्यात तो पुढे झाला.

"चिमटीत धरू नका, विष आत उतरतं." त्यानं तिचा हात हातात घेतला आणि नखानं खरवडून काटा अलगद काढला. हात कोपरापर्यंत काळा होता, ग्रीसनं नुसता माखलेला. त्यानं फक्त मनगट बघितलं. मग म्हणाला, "हात झटकला नाहीत ते बरं केलंत. झटकणाऱ्याला जास्त चावतात. स्थिर हात आहे तुमचा."

मला खाकरायचं होतं. नाही खाकरले.

त्याला कारण आहे. त्याआधी थोरलीनं धाकटीसाठी एक चांगलं स्थळ आणलं होतं. मुलाची आई आली, बसली, धाकटीचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. नखांतलं काळं बघितलं. म्हणाली, "लग्नानंतर हे निघेल ना हो?" धाकटी म्हणाली, "तुमचा मुलगा नोकरी सोडणार असेल तर मीही दुकान सोडते." मी मनात म्हटलं, शाब्बास. पण ती माणसं गेल्यावर पोर मोरीत जाऊन बराच वेळ हात घासत होती. पाण्याचा आवाज ऐकत मी गल्ल्यावर बसून होते. असल्या वेळी चिल्लर खुळखुळवूनही उपयोग नसतो.

तर मी खाकरले नाही.

एके दिवशी मात्र मला राहवेना. नवाकोरा भारीतला माल दर आठवड्याला सैल कसा पडतो? आमच्या मालाला नाव ठेवायला जागा होऊ नये. धाकटी सामान आणायला गेली होती. मधवाला पाठमोरा बसून चहा पीत होता. मी गुडघे सांभाळत, देवाला आणि गुडघ्यांना दोघांनाही शिव्या देत गाडीखाली वाकले.

नळी चिखलानं बरबटलेली. दांडा चिखलानं बरबटलेला. पण बटण स्वच्छ, लखलखीत… आणि त्याच्यावर पिवळ्या मेणाचा एक अंगठा. ठसठशीत उमटलेला.

हा बाबा डोंगरावरून निघताना बटण स्वतःच्या हातानं सैल करत होता, आणि खाली येऊन घट्ट करून घेत होता!

मी उठले ती तरातरा त्याच्याकडेच निघाले होते. चाक नीट होतं म्हणून निभावलं, पण सैल करून एवढा घाट उतरायचा म्हणजे काय पोरखेळ आहे? तोंडावर चार शब्द तयारच होते. तेवढ्यात खिळ्यावरचं धाकटीचं फडकं दिसलं. ती गाडीखालून बाहेर येते तेव्हा नेहमी त्याला बोटं पुसत येते. मी ते हुंगलं. ग्रीस होतं, तेल होतं… आणि मेणाचा वास होता. फडक्याच्या घड्यांत पिवळे डाग. जुने, नवे, एकावर एक.

मी चार शब्द गिळले आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

तो गेल्यावर धाकटीला धरलं. "तुला माहीत होतं."

तिनं 'काय' असं विचारलंसुद्धा नाही. "पहिल्याच वेळेपासून."

"आणि गप्प बसलीस? घाटात काही झालं असतं म्हणजे?"

"त्याला कळू न देता मी सैल बाजूला आतून अडकण लावलीय. तो कितीही पिळू दे, फार सैल होतच नाही. त्याला वाटतं, झालं."

मी बघतच राहिले. पोरगी माझी आहे, यात शंका नाही.

"मग बोलत का नाहीस त्याच्याशी? जीभ काय सर्व्हिसिंगला टाकलीस?"

ती पाना पुसत राहिली. "मी एकदा हात पुढे केले होते, आई. त्यांनी उलटेपालटे करून बघितले आणि परत दिले. आता मी आपणहून हात पुढे करणार नाही." मग म्हणाली, "त्याला बोलायला वेळ लागतो. मी वाट बघतेय."

"बघ. माझ्या वयाची होईपर्यंत बघ."

पण वाट बघायला वेळ उरला नव्हता. पुढच्या खेपेला तो आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला, पहिल्या दिवशीसारखा.

"वरचा बहर संपला," तो म्हणाला. "पेट्या डोंगरापलीकडे न्याव्या लागणार. तिकडून इथं येणं… लांब पडेल."

"हो का," धाकटी म्हणाली.

"हो."

मी मनातल्या मनात म्हटलं, बोल! बोल की, मेल्या! तो बोलला.

"जायच्या आधी बटण तेवढं घट्ट करून द्याल?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

धाकटी गाडीखाली गेली. तो उजेड धरून बसला. या वेळी टकटक ऐकू आली नाही. पान्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं तो बटणवाला स्टॅबिलायझर गाडीखालून घरंगळत बाहेर आला.

"आई, पहिल्या फळीवरचा काळा दे."

मी दिला. काय चाललंय ते मला कळेना. तिनं तो बसवला, बाहेर आली, उभी राहिली. तेलाचा पट्टा आज गालावर होता.

"हे काय केलंत?" त्यानं विचारलं.

"पहिल्या दिवशी मी निवडलेला तोच बसवला. याला बटण नाही."

"मग सैल झाला की…?"

"होत नाही."

"रस्ता बदलला तर?"

"काही करावं लागत नाही. आता स्टॅबिलायझरसाठी तुम्हाला इथं यायची गरज नाही." तिनं खिळ्यावरचं फडकं काढून त्याच्या हातात दिलं. "आणि अंगठा पुसा. मेण लागलंय."

त्यानं अंगठ्याकडे बघितलं. फडक्यावरच्या पिवळ्या डागांकडे बघितलं. कान असे लाल झाले, की मला वाटलं टोपी पेट घेणार.

"तुम्हाला… कधीपासून…"

"पहिल्या वेळेपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं बटणाशी बोलणं चाललं होतं. मी मध्ये कशाला बोलू?" तिचा आवाज जरासा हलला, पण हात हलला नाही. "आता यायचं असेल तर खरं कारण घेऊन यायचं. नसेल तर… रस्ता सरळ आहे. गाडी सरळ जाईल."

तो उभा राहिला. फडक्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग फडकं खिशात घातलं, गाडीत बसला आणि गेला.

गेला! आमचं फडकंही घेऊन गेला.

"घे," मी म्हणाले. "होतं ते कारणही काढून घेतलंस त्याच्याकडून. हात दाखवून अवलक्षण. आता बस."

"बसते," धाकटी म्हणाली आणि कामाला लागली. पण त्या दिवशी तिनं एका गाडीला चुकीच्या मापाचा नट लावला. पाळण्यातून उतरल्यापासून तिनं तसं कधी केलं नव्हतं.

दिवस गेले. दारात गाडी थांबली की धाकटीचे पाय गाडीखाली स्तब्ध व्हायचे. इंजिन बंद व्हायचं. मागे घुंईघुंई नसायची. पाय पुन्हा हलायला लागायचे. मी मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, पंखा लावायचे, गिऱ्हाइकाशी भांडायचे. शांतता नको वाटायची.

थोरलीचा फोन आला. त्याच मुलाची आई पुन्हा विचारतेय म्हणाली. त्यांना दुसरं कोणी मिळालं नसणार. मला सगळं कळतं. धाकटी म्हणाली, "येऊ देत."

"दुकानाचं काय?"

"बघू, आई. काहीतरी सोडावंच लागतं माणसाला."

मी सांगितलं ना, रिकाम्या खोक्याचं वजन मला हाताला कळतं. ते 'येऊ देत' अगदी रिकामं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की तो बटणवाला माल मी विकलाच नसता तर बरं झालं असतं. एकदाच आला असता आणि गेला असता.

ती माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती. दुपारी भुरभुर पाऊस लागला. धाकटी एका गाडीखाली होती, मी गल्ल्यावर. एक गाडी आली. सरळ रेषेत आली, सरळ उभी राहिली. चाकं जागच्या जागी गप्प. मागे घुंईघुंई नाही, पेट्या नाहीत.

मी बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसले.

तो आला. या वेळी दारात थांबला नाही. सरळ आत आला आणि त्या पायांसमोर उकिडवा बसला.

"काय झालंय गाडीला?" पायांनी विचारलं.

"काही नाही."

पाय थांबले.

"स्टिअरिंग?" आतून बारीक आवाज आला.

"सरळ आहे."

"हिसके?"

"एकही नाही. काही झालेलं नाही गाडीला. तरी आलो." त्यानं श्वास घेतला. "तेच कारण आहे."

फळीची चाकं कुरकुरली. धाकटी बाहेर सरकली, उताणीच. तो वाकलेला. पहिल्या दिवशीसारखंच सगळं. फक्त या वेळी दोघांनाही माहीत होतं, की उठायचं नाही.

"एवढे दिवस लागले?" ती म्हणाली.

"रस्ताभर एक वाक्य पाठ करत आलो होतो. चांगलं होतं… इथं वळताना विसरलो."

"मग न पाठ केलेलं सांगा."

त्यानं टोपी फिरवली. "पलीकडे फुलं खूप आहेत. मधही खूप येतोय. पण तिकडे मला 'अंगठा बाहेर' म्हणणारं कोणी नाही."

धाकटीच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघालं आणि कानाकडे वाहत गेलं, कारण ती उताणी होती. त्यानं खिशातून आमचं फडकं काढलं. धुतलं होतं. ग्रीसचे डाग गेले होते, पिवळे डाग तेवढे राहिले होते.

"हात द्याल?" त्यानं विचारलं. "म्हणजे… उठायला. आणि नंतरही."

"तेल लागलंय हाताला."

"माझ्या मेण लागलंय."

तिनं हात वर केला. त्यानं धरला. उलटापालटा करून बघितला नाही, नुसता धरला. ती उठली, पण हात सुटला नाही, आणि मी चिल्लरीकडे गेलेला माझा हात मागे घेतला.

पण मुलीची आई आहे मी. तेवढ्यावर भागत नाही.

"ए मधवाल्या," मी म्हणाले. "इकडे ये. लग्नानंतर दुकानाचं काय?"

"दुकान माझं कुठे आहे?" तो म्हणाला. "मालकीणबाईंचं आहे. त्यांना विचारा."

"आणि बहर डोंगरापलीकडे गेला की?"

"मी जाईन आणि येईन. गाडी आता सरळ चालते."

"आणि पुन्हा कधी माझ्या मालाचे कान पिळलेस तर?"

"बटणच नाही हो राहिलं."

मला हसू आलं ते मी पदराआड लपवलं. एवढ्यात हसून दाखवायची गरज नसते. थोरलीला फोन केला आणि सांगितलं, उद्याच्या माणसांना येऊ नका म्हणावं. आमच्या मुलीच्या नखांतलं काळं काही निघत नाही.

"मालकीणबाई," तो दारातून निघताना म्हणाला, "आता तुम्हाला काय म्हणू?"

"विचार करून सांगते," मी म्हणाले. "वेळ काय फक्त तुलाच लागतो?"

तो बटणवाला स्टॅबिलायझर अजून माझ्या गल्ल्याशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, हा केवढ्याला? मी सांगते, विकायचा नाही. धाकटी म्हणते, निवड तिची बरोबर होती, काळाच चांगला. असेल. पण मी तो भारीतला पुढे केला नसता, तर हा बाबा काळा बसवून, विसरून, निघून गेला असता. तेव्हा या लग्नाचं श्रेय कोणाचं, हे मी कोणाला विचारत बसत नाही.

हल्ली बहर अलीकडच्या डोंगरावर असला की दुपारच्या वेळी गाडीखालून चार पाय बाहेर दिसतात. दोन काम करणारे, दोन उजेड धरणारे. आतून आवाज येतो, "उजेड नाकावर नको रे!" आणि मग बराच वेळ पान्याचा आवाजच येत नाही.

मी चिल्लर खुळखुळवते.

"काय हो, आई?" खालून तो विचारतो.

"काही नाही," मी म्हणते. "चालू दे."